बंद पोत्यावरची सही

हिंगोलीला औंढा रोडवर नगरपालिकेचा जकात नाका होता. त्या नाक्याचा विषय निघाला की जुने ट्रकवाले अजून जळबाचं नाव काढतात, आणि नाव काढताना बहुतेक जण आधी एक शिवी हासडतात. जळबाच्या नोकरीचा याहून चांगला दाखला कुठल्याही साहेबानं दिला नसता. तो कुणाचा चहासुद्धा पीत नसे. एखाद्यानं फारच गळ घातली आणि घेतलाच, तर ‘यानं चहा काहून पाजला?’ या विचारानं त्याचा चहा अर्धा राहायचा आणि तो ट्रक पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागायचा.

त्याचं हत्यार म्हणजे परखी. लोखंडाची, टोकाला निमुळती, मधून पन्हळ असलेली हातभर सळई. पोत्यात खुपसून बाहेर काढली की पोटातला माल पन्हळीत दिसतो. वर सरकी आणि आत सुपारी, वर गूळ आणि आत काही भलतंच, असे कितीतरी प्रकार जळबानं या परखीनं उघडे पाडले होते. बाकीचे नाकेदार कागद बघून सही ठोकायचे. जळबाचा कायदा वेगळा होता, आणि तो त्यानं स्वतःच केलेला होता. “बंद पोत्यावर सही करायची न्हाई. सही केली की माल आपला झाला. मग आतून साप निघाला तरी तो आपलाच.”

हा कायदा त्यानं एकदाच मोडला होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. वऱ्हाडाची जीप आली. नवरी हमसून हमसून रडत होती. जळबाचं मन विरघळलं आणि नवरीच्या बुडाखालच्या नव्या गाद्यांना त्यानं परखी लावली नाही. त्या गाद्यांमधून कापसाऐवजी जर्द्याचे पुडे गावात गेले आणि जळबाला नोटीस मिळाली. तेव्हापासून रडणाऱ्या माणसाचा त्याला दुप्पट संशय यायचा.

नव्याण्णव साली हिंगोलीचा जिल्हा झाला आणि त्याच वर्षी नगरपालिकांची जकात उठली. लोकांनी पेढे वाटले. जळबाला पाण्याच्या टाकीवर बसवलं. नाका सोडताना त्यानं परखी घरी आणली आणि दाराच्या मागे खिळ्याला टांगली. नाका उठला म्हणतात तो सरकारपुरता. जळबाच्या घरात तो चालूच होता.

पुसेगावहून धाकटा भाऊ दरसाल ज्वारीचं पोतं टाकून जायचा. एका वर्षी भाऊ चहा पीत असताना जळबानं त्याच्यादेखत पोत्यात परखी घातली. भावानं कप खाली ठेवला, चप्पल घातली आणि गेला. पुढच्या वर्षापासून पोतं आलं नाही. “मी काई म्हणलो का त्याला? नुसतं बघितलं,” जळबा म्हणायचा. आपण नुसतं बघतो, असंच त्याला मनापासून वाटायचं.

बायको मालनबाई याला हसायची. हसण्यावाचून इलाजही नव्हता. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय वाळला होता, चांगला चार बोटं आखूड राहिला होता. चालताना ती एका अंगाला झुकायची आणि पुन्हा वर यायची. तरुणपणी ते खपून गेलं. पन्नाशी ओलांडल्यावर कमरेत अशी कळ यायला लागली की गल्लीच्या टोकाच्या विहारात वंदनेला जायचं तर भिंती धरत जावं लागे. हळूहळू तिनं जाणंच सोडलं. जळबाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की तिला आताशा गर्दी आवडत नाही. जगाच्या पोत्यांत डोकावणाऱ्या माणसाच्या दिव्याखाली एवढा अंधार होता.

त्यांची एकुलती एक लेक शीतल. नांदेडला नर्सिंग शिकली, तिथंच एका दवाखान्यात लागली, आणि दोन हजार दोन साली मस्कतची नोकरी घेऊन घरी आली. जळबाचं डोकं फिरलं. मस्कत म्हटलं की त्याला विमानतळावर पकडलेलं सोनं आठवायचं. पगार एवढा काहून देतात? एजंट कोण? तो पोरगी मागतो की कागद? तो नांदेडला गेला, एजंटच्या कचेरीसमोरच्या हॉटेलात पाळत ठेवून बसला, आणि वर दवाखान्यात जाऊन मोठ्या सिस्टरला विचारून आला, की आमची पोरगी इथं कशी होती, कुणाबरोबर राहायची, कधी काही कानावर आलं का. ते सगळं शीतलच्या कानावर गेलं.

“बाबा, मी काय पोतं हाव का?” एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

रडायला लागली म्हणून जळबाचा संशय आणखी वाढला. आता याला काय म्हणावं!

ती गेली. तिकडून दर शुक्रवारी शेजारच्या रूपाबाईच्या घरच्या फोनवर तिचा फोन यायचा. मोबाइल जळबानं घरात येऊ दिला नव्हता. त्यात आपलं बोलणं तिसराच ऐकतो, अशी त्याची खात्री होती. शुक्रवारी मालनबाई भिंत धरून रूपाबाईकडे जायची, पोटभर बोलून यायची. “बाबा कसे हायत?” असं शीतल विचारायची. “बाबांना दे” असं कधी म्हणायची नाही.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात ती सुट्टीला आली. एक दिवस जळबा बाजारातून लवकर परतला, तर दाराला आतून कडी. उघडायला वेळ लागला. आत मायलेकींच्या गालांवर लाली, जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर पेन्सिलीच्या रेघा, शेजारी दोऱ्याचे तुकडे, बादलीत गढूळ पाणी, आणि कोपऱ्यात सांडलेली पांढरी भुकटी.

“काय चालू हाय?”

“काई न्हाई,” दोघी एकदम म्हणाल्या.

दोघी एकदम बोलल्या म्हणजे आधी ठरलेलं आहे, हे नाक्यावरचं शहाणपण. त्या पाठमोऱ्या होताच जळबानं भुकटीची चिमूट उचलली, जिभेला लावली. चुना नव्हे, पीठ नव्हे. दातांत कचकच आली. त्यानं ती कागदात पुडी करून कोटाच्या खिशात ठेवली आणि नंतर कित्येक दिवस ती पुडी काढून उजेडात बघत राहिला.

पुढं उन्हाळ्यात दत्तप्रसादनं त्याला बाजारात गाठलं. दत्तप्रसादचं झेरॉक्सचं दुकान होतं, एसटीडी होती, आणि त्यातच एका कुरिअर कंपनीचं काम होतं.

“काका, तुमच्या नावाचं पार्सल मस्कतहून मुंबईला आलंय. कस्टमनं थांबवून ठेवलंय.”

“कस्टम म्हंजे?”

“बाहेरच्या देशातनं आलेल्या मालावर जकात घेतात ते.”

“म्हंजे देशाचा नाका,” जळबा म्हणाला. कितीतरी वर्षांनी कुणी त्याच्या भाषेत बोललं होतं.

दुकानात नेऊन दत्तप्रसादनं त्याला कागद समजावून सांगितला. नातेवाइकानं पाठवलेली भेट एका किमतीपर्यंत बिनजकातीची सुटते. पण शीतलनं जी किंमत लिहिली होती ती त्याच्या वरची होती. वस्तूच्या जागी नुसतं ‘पादत्राणे, एक जोड’ एवढंच लिहिलं होतं. एका जोडाला एवढी किंमत कशी, असं कस्टमवाल्यांचं म्हणणं. तर घेणाऱ्यानं लिहून द्यायचं, की पाठवणारा कोण, नातं काय, वस्तू कुणासाठी, विकायला की वापरायला. सोबत ओळखीचा कागद, आणि माझ्या वतीनं कुरिअरनं माल सोडवावा म्हणून एक सही.

“माझ्या वतीनं?” जळबाचा आवाज चढला. “उद्या आत काई निघालं तर बेड्या मला!”

“काका, लेकीनं पाठवलंय.”

“लेकीनं पाठवलंय का लेकीच्या हातानं दुसऱ्या कुणी पाठवलंय, तुला काय ठावं?”

घरी आल्यावर त्यानं मालनबाईला उभं केलं. “मस्कतहून बूट आलेत. त्या किमतीत दुभती गाय आली असती. कुणासाठी हायत?”

मालनबाईचा चेहरा असा उजळला की जळबा सावध झाला. “माझ्यासाठी असतील,” ती म्हणाली.

“तुला बूट? तू जन्मात चपलीबिगर काई घातलं न्हाईस.”

“आणा की सोडवून. मग बघा.”

“आत काय हाय ते सांग आधी.”

तिनं सांगितलं नाही. लेकीला शब्द दिला होता. आणि तिच्याही मनात होतं, की बूट पायात घालून एकदम सरळ उभं राहावं आणि मग या माणसाचं तोंड बघावं. संसारात तिनं दुसरी कसली हौस मागितली नव्हती. ती जवळ आली, त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, “अवो, माझं एवढं ऐका. ह्या बारीला टोचू नका.”

झालं! ‘टोचू नका’ असं म्हणणाऱ्याच्या पोत्यात काय असतं, हे जळबाला पाठ होतं. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या तो हिशेब जुळवत राहिला. बंद दार, पांढरी भुकटी, दोरे, दोघींची कुजबूज, गाईच्या मोलाचे बूट. सोनं तळव्यात पोकळी करून आणतात, हे तर पेपरात फोटोसकट आलं होतं. पोरीला कुणीतरी नादी लावलंय. आणि नाव कुणाचं घातलंय? माझं! जन्मभर ज्याच्या कागदावर डाग नाही, त्याचं!

सकाळी तो दत्तप्रसादच्या दुकानात गेला. रेशन कार्डाच्या झेरॉक्सवर त्यानं आधी दोन तिरप्या रेघा मारल्या आणि मधे ‘फक्त पार्सलसाठी’ असं लिहिलं. मग अर्ज लिहायला घेतला. दत्तप्रसाद सांगत होता, “लिहा, मुलीनं आईच्या वापरासाठी पाठवलेली भेट.” जळबानं स्वतःचंच लिहिलं. सदर मालाची मला माहिती नाही. किंमत मालाशी जुळत नाही. तरी माल उघडून, तळवे फोडून तपासावा आणि मगच सोडावा. खाली वळणदार सही केली.

दत्तप्रसादनं कपाळाला हात लावला. “काका, असं कुणी आपल्याच मालाबद्दल लिहून देतं का?”

“बंद पोत्यावर सही करायची न्हाई,” जळबा म्हणाला. त्या दिवशी तो ताठ मानेनं घरी गेला. नाका उठल्यापासून एवढं हलकं त्याला वाटलं नव्हतं.

मालनबाईला त्यानं सांगितलं, अर्ज दिलाय. खोटं काही नव्हतं. ती इतकी खूश झाली की तिनं त्याच्यासाठी पुरण घातलं. जळबानं दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरीच्या वेळी, ही पुरण काहून घालून राहिली, म्हणून हात आखडला.

पावसाळा लागायच्या आत खोकं आलं. वर कस्टमची चिकटपट्टी, शिक्के. दत्तप्रसाद स्वतः घेऊन आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. रूपाबाईही पदराला हात पुसत आली. मालनबाई पलंगावर बसून होती. जळबानं परखीच्या टोकानं पट्टी फाडली.

आत दोन काळे बूट होते. उजवा साधा. डाव्याचा तळ चार बोटं जाड. हलक्या बुचासारख्या कसल्याशा लाकडाचा, वरून मऊ कातडं, आणि आतला आकार थेट मालनबाईच्या वाळलेल्या पायाचा, पंजाच्या वाकड्या बोटांसकट. त्या जाड तळव्याला आरपार भोकं पाडलेली होती. एके ठिकाणी तर टाचेचा टवका काढून आत बघितलं होतं. खोक्याच्या तळाशी बुचाचा भुसा साचला होता. सोनं नव्हतं, काहीच नव्हतं.

जळबानं भोकावरून बोट फिरवलं. गोल, नेमकं, एका दमात घातलेलं. कुणीतरी आपल्यासारखाच इमानदार माणूस तिथं बसला होता. त्याच्या कोटाच्या खिशातली पांढरी पुडी त्याला आठवली, आणि ती भुकटी कसली होती ते आता कुणी सांगायची गरज उरली नाही. मोडलेल्या हाताला दवाखान्यात घालतात तेच प्लास्टर. पोरीनं आईच्या पायाचा साचा घेतला होता.

“कस्टमनं जकातसुद्धा लावली न्हाई,” दत्तप्रसाद हळूच म्हणाला. “अपंगाच्या कामाच्या वस्तूला वेगळी सूट असते म्हणे. पहिल्या अर्जालाच आईसाठी म्हणून डॉक्टरचा दाखला जोडला असता, ‘फोडा’ म्हणून लिहून दिलं नसतं, तर न फोडता सुटलं असतं.”

मालनबाईनं दोन्ही बूट पायात घातले. रूपाबाईनं नाड्या बांधल्या. मग ती भिंतीला हात न लावता उभी राहिली. सरळ. जळबा समोरच होता. तिचे डोळे आपल्या डोळ्यांसमोर येतात हे त्याला लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर पहिल्यांदा कळलं. ती हसली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला डावा तळ कर्र वाजला आणि भोकांच्या रेषेत दुभंगला. रूपाबाईनं तिला सावरलं म्हणून ती पडली नाही.

ती पलंगावर बसली आणि तुकडा मांडीवर घेतला. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं जळबाला वाटलं.

“तुमचंच नाव काहून घातलं ठावं हाय का?” ती म्हणाली. “मी म्हणलं होतं, माझ्या नावानं टाक. शीतल म्हणली, न्हाई, बाबांच्या नावानं टाकते. नाक्यावर अडकलं तर नाक्याचा माणूसच सोडवून आणंल.”

जळबा उंबऱ्यावर बसला. आयुष्यात एका माणसानं त्याला न विचारता, न तपासता त्याच्यावर भरवसा टाकला होता, आणि तो त्यानं सरकारी शिक्क्यानिशी फोडून घेतला होता.

शुक्रवार आला. मालनबाईच्या मागोमाग जळबाही रूपाबाईकडे गेला आणि दाराशी थांबला. फोन वाजला.

“आलं की ग,” मालनबाई म्हणत होती. “बराबर आलं. कुठं खरचटलं सुदिक न्हाई. त्यांनीच सोडवून आणलं. व्हय, घालून बघितलं. सरळ उभी राहिले.”

जळबा ऐकत होता. खोटं बोलणं त्याला शंभर पावलांवरून ओळखू यायचं, आणि इथं तर ते हाताच्या अंतरावर चाललं होतं, ते पण त्याच्यासाठी. तेवढ्यात मालनबाईनं रिसीव्हर त्याच्याकडे धरला. “तुमाला बोलवून राहिली.”

चार वर्षांत पहिल्यांदा. जळबानं रिसीव्हर कानाला लावला.

“बाबा,” शीतलचा आवाज ओला होता. “तकलीफ झाली असंल तुमाला. मला ठाऊक होतं, तुमीच सोडवताल.”

व्हय म्हणून मोकळं होता आलं असतं. मालनबाईनं वाट करून ठेवलीच होती.

“बाई,” तो म्हणाला, “तसलाच अजून एक जोड पाठवशील का? एका जोडानं माणसाचं भागत न्हाई. माझ्याच नावानं पाठव.”

शीतलनं लगेच ओळखलं. शेवटी ती लेकही नाक्याच्याच माणसाची होती.

“बाबा, उघडायला लावलं ना तुमी?”

रूपाबाई भिंतीकडे बघत होती. मालनबाई मान हलवून नाही म्हणा, नाही म्हणा, असं खुणावत होती.

“व्हय,” जळबा म्हणाला. “मीच लिहून दिलं. फोडा म्हणून.”

जळबानं रिसीव्हर कानाला घट्ट धरून ठेवला. तिकडं शीतल रडत असेल, तर या वेळी ते रडणं खरं आहे हे त्याला ठाऊक होतं.

“साचा माझ्याजवळ हाय अजून,” शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकाशी बोलावं तसा झाला होता. “दुसरा पाठवते. पण आता आईच्या नावानं पाठवते.”

दिवाळीच्या सुमारास दुसरं पार्सल अडकलं. दत्तप्रसादचा निरोप आला तशी मालनबाई रिक्षानं दुकानात गेली. जळबा बरोबर होता, पण तो पायरीवरच थांबला. आत दत्तप्रसादनं डॉक्टरचा दाखला जोडला, अर्ज लिहिला आणि तिच्यासमोर ठेवला. मालनबाईनं पेन मागितलं.

“मावशी, वाचून दाखवू का आधी?”

“नको. लेकीनं पाठवलंय,” ती म्हणाली, आणि जिभेचं टोक ओठांत धरून सावकाश नाव काढायला लागली.

दत्तप्रसादनं दाराकडे बघितलं. “काका, तुमी बघता का एकदा?”

“न्हाई,” जळबा म्हणाला. “ते तिचं हाय.”